हवालीं केलेली किल्ली

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून कोणी किंचित् हंसेल. मोटारी दुरुस्त करणाऱ्या कारखान्यांत गिऱ्हाइकांच्या किल्ल्या कशा सांभाळतात, हा कांहीं इतिहासाचा विषय नव्हे, असें प्रथमदर्शनीं कोणासहि वाटावयाचें. इतिहास म्हटला म्हणजे त्यांत लढाया हव्यात, तह हवेत, निदान एखादें कारस्थान तरी हवें. पण ज्या मावळ प्रांताविषयीं मी बोलणार आहें, तेथें हा विषय इतिहासापासून फारसा दूर नाहीं. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची हे गड जेथें उभे आहेत, त्याच डोंगरांच्या पायथ्यानें मुंबई-पुण्याच्या मोटारींची अखंड रहदारी चालते. वर किल्ले आहेत आणि खालीं किल्ल्या आहेत. आणि दोहोंचा प्रश्न एकच आहे. जें आपलें नव्हे तें आपल्या हातीं दिलें असतां कसें सांभाळावें, आणि कोणाच्या हातीं परत करावें?

सकाळच्या प्रहरीं लोणावळ्यास किंवा वडगांवास अशा एखाद्या कारखान्याच्या दारांत उभें राहिलें असतां काय दिसतें? एकामागून एक मोटारी येतात. मालक उतरतो, नोंद करणाऱ्या माणसाच्या हातीं किल्ली देतो, एका कागदावर सही करतो आणि निघून जातो. सारा व्यवहार पांच मिनिटांचा. पण या पांच मिनिटांत त्यानें काय केलें? कित्येक लाख रुपयांची वस्तु, तींत राहिलेलीं कागदपत्रें, आणि पुष्कळदां त्याच जुडग्यांत अडकलेली स्वतःच्या घराची किल्ली, इतकें सर्व त्यानें ज्याचें नांवहि त्याला ठाऊक नाहीं अशा मनुष्यास सोंपविलें. बँकेंत शंभर रुपये भरतांना पावतीवरचा आंकडा दोनदां वाचणारा गृहस्थहि येथें किल्ली देऊन निर्धास्तपणें चहा प्यावयास जातो. हा विश्वास आपोआप उत्पन्न झालेला नाहीं. त्याच्या पाठीशीं एक शिस्त आहे, आणि त्या शिस्तीचे कांहीं उत्तम नमुने याच मावळच्या गडांवर पाहावयास मिळतात.

प्रथम शब्दांकडेच पाहूं. ‘कुलूप’ हा शब्द अरबी ‘कुफ्ल’ यावरून आला. ‘चावी’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. ‘किल्ली’ मात्र आपल्या घरची. संस्कृत ‘कील’ म्हणजे खुंटी अथवा मेख, तिच्याच कुळांतली ती आहे. ‘किल्ला’ हा शब्द अरबी ‘कलआ’ यापासून झाला. तेव्हां किल्ला आणि किल्ली हीं उच्चारानें सख्खीं भावंडें भासलीं, तरी जन्मानें परकीं आहेत. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा शब्द निराळाच आहे, आणि तो म्हणजे ‘हवालदार’. आज हा शब्द उच्चारला कीं पोलिसाची आकृति डोळ्यांपुढें येते. पण ‘हवाला’ म्हणजे सोंपविलेली वस्तु, ताब्यांत दिलेला जिम्मा. आणि तो धारण करणारा तो हवालदार. आपण अजूनहि एखादी वस्तु दुसऱ्याच्या ‘हवालीं’ करतों, ती याच अर्थानें. मराठी राज्यांत गडाच्या मुख्य अधिकाऱ्यास हवालदार म्हणत, याचें मर्म या व्युत्पत्तींतच आहे. गड त्याचा नव्हता. गड त्याच्या हवालीं केलेला होता.

शिवछत्रपतींच्या गडांची व्यवस्था कृष्णाजी अनंत सभासद यानें आपल्या बखरींत सांगितली आहे. प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असत. तिघे सारख्या दर्जाचे असत आणि कारभार तिघांनीं मिळून करावयाचा असे. कोठारांकडे पाहण्यास कारखानीस असे. हे अधिकारी मुद्दाम निरनिराळ्या जातींचे नेमीत. यांतील हेतु उघड आहे. एकट्या मनुष्यास फितूर करणें सोपें असतें. पण तिघे एकमेकांच्या नजरेखालीं असले म्हणजे गड परस्पर शत्रूच्या हातीं देणें अशक्यप्राय होतें. हिशेब लिहिणारा एक, शिबंदीवर हुकमत चालविणारा दुसरा, आणि दरवाजाच्या किल्ल्या बाळगणारा तिसरा, अशी ही वांटणी होती.

यांपैकीं किल्ल्यांचा जिम्मा हवालदाराचा. सायंकाळीं दरवाजे लागले कीं ते नीट लागले आहेत किंवा नाहींत हें त्यानें स्वतः पाहावयाचें, आणि सकाळीं ते उघडावयाचे तेहि त्याच्या देखरेखीखालीं. किल्ल्या दुसऱ्याच्या हातीं देऊन मोकळें होण्याची त्याला मुभा नव्हती. ‘लावलें असेल’ या शब्दांवर गडाची झोंप अवलंबून ठेवावयाची नाहीं. हात लावून, अडसर ओढून, कुलूप हिसकून पाहावयाचें, असा हा दंडक होता. रायगडच्या हिरकणीची आख्यायिका सर्वांच्या परिचयाची आहे. दूध घालावयास आलेली ती माउली सायंकाळीं दरवाजे लागल्यामुळें गडावर अडकली, पहारेकऱ्यांनीं दरवाजा उघडला नाहीं, आणि घरीं राहिलेल्या तान्ह्या बाळासाठीं ती भयंकर कडा उतरून गेली. आपण ही कथा ऐकतों ती आईच्या वात्सल्यासाठीं, आणि तें योग्यच आहे. पण तिच्या दुसऱ्या बाजूस तो पहारेकरीहि उभा आहे. त्याला दया नव्हती असें समजण्याचें कारण नाहीं. वेळ टळल्यावर दरवाजा उघडण्याचा अधिकार त्याचा नव्हता, एवढेंच. कथा खरी असो वा रचलेली असो, किल्लीची शिस्त लोकमानसांत किती खोल रुजली होती याची ती साक्ष आहे.

आतां लोहगडाकडे वळूं. मळवलीहून गडाच्या पायऱ्या चढूं लागलें म्हणजे वळणावळणावर एकामागून एक दरवाजे लागतात: गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा आणि शेवटीं महादरवाजा. एका वाटेवर चार दरवाजे कशाकरितां? एक फुटला तरी दुसरा राहावा म्हणून, हें तर खरेंच. पण प्रत्येक दरवाजा म्हणजे एक निराळी चौकी, निराळा पहारा आणि निराळी जबाबदारी. जुन्या गडांच्या दरवाजांच्या आंतल्या अंगास भिंतींत चौकोनी खोबणी दिसतात. त्यांतून जाडजूड लांकडी अडसर सरकवीत असत. तो अडसर बाहेरून कोणत्याहि किल्लीनें उघडत नसे. गडाची खरी किल्ली आंत जागणारा मनुष्य हाच होता.

हा गड अनेक हातांतून गेला. १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वयें महाराजांना जे तेवीस किल्ले मोंगलांस द्यावे लागले, त्यांत लोहगड होता, शेजारचे विसापूर, तुंग आणि तिकोना हेहि होते. १६७० सालीं तो पुन्हा स्वराज्यांत आला. पुढें आंग्रे आणि त्यानंतर पेशवे यांच्याकडे तो गेला. पेशवाईच्या उत्तरकाळीं नाना फडणविसांनीं तो आपल्या विश्वासांतला म्हणून राखला, त्याच्या दरवाजांचें काम करविलें, आणि आपला खजिना तेथें ठेविला. किल्लेदारी त्यांनीं धोंडोपंत नित्सुरे या आपल्या माणसाकडे दिली. १८०० सालच्या मार्चमध्यें नाना वारले आणि किल्ल्यांच्या इतिहासांतला एक फार बिकट प्रश्न धोंडोपंतांपुढें उभा राहिला.

ज्यानें किल्ली हातीं दिली तो धनी आतां नाहीं. पेशवे बाजीराव हे राज्याचे मुख्य. ते गड मागत आहेत. इकडे नानांची पत्नी जिऊबाई गडावर आश्रयास आली आहे, आणि नानांचें बाजीरावांशीं किती वांकडें होतें हें सर्व जग जाणतें. अशा वेळीं किल्ली कोणाची? गड राज्याचा म्हणावा तर तो पेशव्यांस दिला पाहिजे. ठेव नानांची म्हणावी तर ती त्यांच्या पत्नीच्या हिताकरितां राखली पाहिजे. धोंडोपंतांनीं गड सोडला नाहीं. १८०३ सालीं इंग्रजांच्या साह्यानें बाजीराव पुण्यास परत आल्यानंतर जनरल वेलस्ली मध्यस्थ झाला. धोंडोपंतांस सुखरूप जाऊं द्यावें आणि जिऊबाईस सालीना बारा हजार रुपयांची नेमणूक द्यावी, अशी हमी मिळाली, तेव्हां गड रिकामा झाला आणि बाई पनवेलीस गेल्या. धोंडोपंतांच्या वर्तनास कोणी बंडखोरी म्हणेल, कोणी स्वामिनिष्ठा म्हणेल. मला त्यांत एक गोष्ट ठळक दिसते. किल्ली धरणाराचें काम ती घट्ट धरून ठेवण्यानें संपत नाहीं. ती कोणाला, कोणत्या अटींवर आणि कोणाचें नुकसान न होतां द्यावयाची, हें ठरविणें हा त्या कामाचा अधिक अवघड भाग होय. पुढें १८१८ च्या मार्चांत कर्नल प्रॉथरच्या फौजेनें प्रथम विसापूर घेतला आणि लढाईवांचूनच लोहगडहि इंग्रजांकडे गेला. २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत लोहगडाची गणना आहे.

दुसऱ्याची वस्तु सांभाळण्याविषयींचा विचार आपल्या धर्मशास्त्रकारांनीं सूक्ष्मपणें केलेला आहे. मनूनें व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं, त्यांत ऋणादानाच्या मागोमाग ‘निक्षेप’ येतो. निक्षेप म्हणजे विश्वासानें दुसऱ्याकडे ठेविलेली ठेव. आंत काय आहे हें न सांगतां मुद्रा करून ठेविलेल्या वस्तूस ‘उपनिधि’ असें निराळें नांव आहे. मोटारीच्या किल्लीस हीं दोन्हीं नांवें लागू पडतील असें वाटतें. कारण मोटार समोर दिसते, पण तिच्या पेटींत काय आहे हें घेणारास ठाऊक नसतें! १८७२ च्या भारतीय करार कायद्यानेंहि हीच कल्पना नव्या भाषेंत मांडली. ठेव घेणारानें ती एखादा सुज्ञ मनुष्य स्वतःची तशीच वस्तु जितक्या काळजीनें सांभाळील तितक्या काळजीनें सांभाळावी, आणि काम झालें म्हणजे न मागतांहि परत करावी. उलट, ज्या कारागिरानें तिच्यावर मेहनत केली असेल त्याला आपली मजुरी मिळेपर्यंत ती अडवून ठेवण्याचा हक्क आहे. बिल चुकतें झाल्यावांचून कारखानदार किल्ली देत नाहीं, ती त्याची अरेरावी नव्हे. कायद्यानें त्याला दिलेला अधिकार आहे.

सरकारी खजिन्यांत तर हीच शिस्त लोखंडांत ओतलेली दिसते. तिजोरीच्या खोलीस दोन कुलुपें असावयाचीं. एकाची किल्ली खजिन्याच्या अधिकाऱ्याकडे आणि दुसऱ्याची खजिनदाराकडे. दोघे एकत्र आल्यावांचून दार उघडावयाचें नाहीं. गडावर तिघांत वांटलेला अधिकार येथें दोघांत वांटलेला आहे, तत्त्व तेंच.

मोटारीच्या किल्लीचें वय मात्र फार नाहीं. मुंबईंत पहिल्या मोटारी १८९८ च्या सुमारास आल्या. त्याच्या आदल्याच वर्षीं, म्हणजे १८९७ सालीं, अर्देशिर गोदरेज यांनीं लालबाग येथें कुलुपांचा कारखाना काढला होता. पण त्या वेळच्या मोटारींस आजच्या अर्थानें किल्लीच नव्हती. पुढें वांकून लोखंडी दांडा फिरवावयाचा आणि यंत्र धडधडूं लागलें कीं लगबगीनें जागेवर जाऊन बसावयाचें. चार्ल्स केटरिंग यानें सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत आला आणि दांडा फिरविण्याचा त्रास संपूं लागला. तरीहि पुष्कळ वर्षें किल्लीचें काम विजेचा प्रवाह जोडण्यापुरतेंच असे; यंत्र सुरू करण्यास निराळी कळ दाबावी लागे. किल्ली फिरवितांच मोटार सुरू व्हावी, ही सोय क्रायस्लर कंपनीनें १९४९ सालच्या गाड्यांत आणली. सोय झाली खरी. पण त्याबरोबरच सारी मोटार एका लहानशा धातूच्या तुकड्यांत येऊन बसली. ज्याच्या हातीं तो तुकडा, त्याच्या हातीं मोटार.

मावळास हा बदल फार जवळून पाहावयास मिळाला. बोरघाटांतून गाड्यांचा रस्ता १८३० सालीं खुला झाला, आगगाडी १८६३ सालीं घाट चढली, आणि २००२ सालीं द्रुतगति महामार्ग पूर्ण झाला. तळेगांवास जनरल मोटर्सचा कारखाना २००८ सालीं सुरू झाला. तेथील उत्पादन २०२० सालीं बंद पडलें आणि पुढें तो कारखाना ह्युंदाई कंपनीनें घेतला. घाट चढून आलेल्या मोटारीचें यंत्र तापतें, उतरतांना ब्रेक झिजतात. तेव्हां जेथें घाट तेथें मेस्त्री, हें ओघानेंच आलें. आणि जेथें मेस्त्री तेथें किल्ल्यांचा ढीग.

या ढिगाला वळण लावण्याची रीत कशी असते तें पाहूं. एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या दहा मोटारी एका दिवशीं आल्या तर दहा किल्ल्या दिसावयास सारख्याच. म्हणून किल्ली हातीं घेतांच तिला क्रमांकाचा बिल्ला अडकवावयाचा, आणि तोच क्रमांक जॉबकार्डावर लिहावयाचा. हें काम ‘मग करूं’ म्हणून ठेवलें कीं घोटाळा झालाच म्हणून समजावें. नंतर ती किल्ली खुंट्यांच्या फळीवर तिच्याच खुंटीस टांगावयाची. मेस्त्री ती नेईल तेव्हां वहींत नांव आणि वेळ लिहील, अथवा आपला पितळी बिल्ला त्या खुंटीवर अडकवील. कारखान्यांतून हत्यारें देण्याघेण्याची ही जुनी पद्धत आहे आणि तिच्यांत मोठें शहाणपण आहे. खुंटी कधींच नुसती रिकामी राहत नाहीं. तिच्यावर एक तर किल्ली असते, नाहीं तर ती नेणाराची खूण असते. गाडी धुवावयास गेली, चांचणीस बाहेर गेली, कीं बिल्ला बदलतो. मेस्त्री किल्ली खिशांत घालून जेवावयास गेला, कीं साऱ्या कारखान्याची धांवपळ उडते. आणि सायंकाळीं फळीवरच्या किल्ल्या व आवारांतल्या मोटारी यांची मोजदाद करून मगच कपाटाला कुलूप लावावयाचें. हवालदार अडसर हिसकून पाही तो प्रकार हाच.

ही शिस्त ढिली पडली म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत नमूद आहे. १९९८ सालीं दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलांत एका पाहुण्यानें आपली मोटार आणि किल्ली तेथील नोकराच्या हवालीं केली. रात्रीं तो बाहेर आला तों मोटार नाहीं. दुसरीच कांहीं तरुण मंडळी आपली गाडी मागावयास आली होती, आणि त्या गडबडींत त्यांतील एकानें या मोटारीची किल्ली उचलून ती पळविली होती. पाहुण्यास दिलेल्या चिठ्ठीवर, गाडी मालकाच्या जोखमीवर ठेविली आहे, असें छापलेलें होतें. एकवीस वर्षांनीं, २०१९ सालीं, न्यायालयानें निर्णय दिला कीं किल्ली हातीं घेतली तेथेंच ठेवीचें नातें उत्पन्न झालें. स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी छापील वाक्यानें झटकतां येत नाहीं. कुलूप फोडलें नव्हतें, दार तोडलें नव्हतें. हातीं घेतलेली किल्ली भलत्या हातांत जाऊं दिली, एवढाच काय तो अपराध.

किल्ली चोराच्याच हातीं गेली म्हणजे अनर्थ होतो असेंहि नाहीं. १९१२ सालीं ‘टायटॅनिक’ बोट निघण्यापूर्वीं डेव्हिड ब्लेअर नांवाच्या अधिकाऱ्याची ऐन वेळीं दुसरीकडे बदली झाली आणि बोटीवरच्या एका कपाटाची किल्ली त्याच्याच खिशांत राहिली. टेहळणी करणारांना दुर्बिणी मिळाल्या नाहींत. आणि त्यांच्यापैकीं फ्रेडरिक फ्लीट यानें पुढें चौकशींत सांगितलें कीं, दुर्बीण असती तर हिमनग थोडा लवकर दिसला असता. ती किल्ली २००७ सालीं लिलांवांत नव्वद हजार पौंडांस गेली. एका किल्लीनें ती बोट बुडविली असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे जाते त्या क्षणींच किल्ली हरवते, एवढा धडा त्यांत निश्चित आहे.

अलीकडे किल्लीचें रूप पालटलें आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तिच्या मुठींत इलेक्ट्रॉनिक खूण आली. ती जुळल्यावांचून यंत्र सुरू होत नाहीं, आणि म्हणून हरवलेली किल्ली नव्यानें करून घेणें पूर्वींइतकें स्वस्त व सोपें राहिलें नाहीं. कांहीं मोटारींना तर किल्ली लावावीच लागत नाहीं. ती खिशांत असली म्हणजे पुरे. मोठ्या कारखान्यांतून खुंट्यांच्या फळीऐवजीं विजेचीं कपाटें आलीं आहेत. कोणी, केव्हां, कोणती किल्ली नेली याची नोंद तीं आपोआप ठेवतात. पण कपाटांतून नेलेली किल्ली दुसऱ्या मेस्त्र्याच्या हातीं परस्पर गेली, तर तें कपाट बिचारें काय करणार? आणि सायंकाळीं एखादा अनोळखी तरुण येऊन, ‘काकांनीं गाडी न्यायला पाठविलें आहे,’ असें म्हणाला, तर किल्ली द्यावी कीं न द्यावी? मालकाला विचारल्यावांचून न देणारा कारकून त्या तरुणास आडमुठा वाटेल. पण धोंडोपंत नित्सुऱ्यांपुढें होता तोच प्रश्न लहान प्रमाणांत त्याच्यापुढें आहे, आणि आडमुठेपणाचा दोष पत्करून तो आपली ठेव राखीत आहे.

तेव्हां श्रोतेहो, पुढच्या खेपेस मोटार दुरुस्तीस द्याल तेव्हां घराची किल्ली जुडग्यांतून काढून घ्या. आपल्या देखत बिल्ला लावून घ्या. आपल्यावांचून दुसरें कोणी गाडी न्यावयास येणार असेल तर त्याचें नांव कागदावर लिहून द्या. आणि मोटार परत नेतांना समोरचा मनुष्य पावती मागूं लागला, क्रमांक ताडून पाहूं लागला, तर उतावीळ होऊं नका. तुमच्यावर त्याचा अविश्वास आहे असा त्याचा अर्थ नव्हे. तुम्ही त्याच्यावर जो विश्वास टाकला, त्याचा तो हिशेब देत आहे.